पंप बदलण्याआधी

सोलापूर, मे महिना

चि. बापू,

काल फोनवर तुझ्यामागे डंपर घुरघुरत होता आणि तुला घाई होती, त्यामुळे निम्मं ऐकू आलं. मुख्य कळलं ते, की तुझं बॅकहो मशीन लोड घेत नाही आणि तुमच्या तिथला मेकॅनिक म्हणाला, "पंप गेला बे, बदलून टाक." पंप गेलाही असेल. पण त्याने गेज लावला का, टाकी उघडून बघितली का, असं विचारल्यावर तू गप्प झालास. म्हणून हे पत्र. घडी घालून केबिनमध्येच ठेव. पंपाची ऑर्डर मात्र अजून देऊ नकोस.

आधी तुझ्या मनातला एक घोळ काढू. तू एकदा म्हणालास "ताकद नाही", लगेच म्हणालास "फार हळू चालतंय". ही दोन दुखणी आहेत, त्यांची कारणंही वेगळी. ताकद येते दाबातून आणि वेग येतो तेलाच्या प्रवाहातून. १० सेंटिमीटर व्यासाचा पिस्टन धर. त्याच्यावर २०० बार दाब आला की तो साधारण १६ टनांचा रेटा देतो. दाब १५० वर आला की रेटा १२ टनांवर येतो, मग मुरमात दात रुततात आणि बकेट तिथंच थांबते. आता त्याच पिस्टनला मिनिटाला १०० लिटर तेल मिळालं तर दांडा सेकंदाला २१ सेंटिमीटर सरकतो. ६० लिटरच मिळालं तर १३ सेंटिमीटर. उचलेल तेवढंच, पण तू जांभया देत बसशील. रिकामी बकेट झटक्यात फिरते आणि मातीत घातली की अडते, असं असेल तर दाबामागे लाग. भरलेली बकेट उचलते पण रेंगाळत उचलते, असं असेल तर प्रवाह शोध. दोन्ही असेल तर मेकॅनिकचं म्हणणं खरं असण्याची शक्यता वाढते, पण तेवढ्यावरही पैसे काढायचे नाहीत.

दुसरी गोष्ट म्हणजे दुखणं कुठपर्यंत पसरलंय ते बघणं. पुढचा लोडर, मागचा बूम, आर्म, बकेट, मागचे पाय, सगळं एकेक करून चालवून बघ. एकच हालचाल मंद असेल तर पंपाला दोष देण्यात अर्थ नाही, कारण पंप सगळ्यांना तेल देतो, एकाशी दुजाभाव करत नाही. मग त्या सिलिंडरचं सील, त्याचा स्पूल किंवा त्याच्यापुरता असलेला छोटा रिलीफ वॉल्व्ह बघायचा. फक्त मागची बाजू मेली असेल तर मागचा वॉल्व्ह ब्लॉक आणि त्याला येणारी लाइन. सगळंच मंद झालं असेल, त्यात स्टिअरिंगही जड लागत असेल, तर दोष सगळ्यांच्या सामायिक जागी आहे: टाकी, सक्शन, पंप किंवा मेन रिलीफ. आणि हे अचानक झालं की महिनोन् महिने हळूहळू, तेही आठव. झीज एका दुपारात होत नाही. काल चांगलं होतं आणि आज मेलं, तर रिलीफमध्ये कचरा अडकला असेल, सक्शन पाइप मिटला असेल, नाहीतर पंप फिरवणारे स्प्लाइन गेले असतील.

आता फुकटातल्या तपासण्या. मशीन सपाट जागी उभं कर, मशीनच्या पुस्तकात सांगितलंय तशी बकेट आणि आर्म ठेव आणि मगच तेलाची पातळी बघ. बूम ताणलेला असताना काच बघून "तेल कमी आहे" म्हणत डबा ओतणारे मी पुष्कळ बघितलेत. तेलाचा रंगही बघ. दुधी दिसलं तर पाणी शिरलंय. वर सायीसारखा फेस असेल तर कुठून तरी हवा ओढली जातेय, आणि ती बहुतेक वेळा टाकी ते पंप या पाइपावरच्या ढिल्या क्लॅम्पमधून येते. हा पाइप बाहेर तेल गाळत नाही, आत हवा घेतो, म्हणून कोरडा दिसतो आणि सुटून जातो. इंजिन चालू असताना त्याच्या जोडांवर थोडं ऑइल सोड. पंपाचा आवाज क्षणभर बदलला, तर चोर सापडला.

टाकीच्या झाकणाचा ब्रीदर तर कुणी बघतच नाही. तेल खाली-वर होतं तशी टाकीला श्वास घ्यायला वाट लागते, आणि ती वाट धुळीने बुजते. २०१४ च्या डिसेंबरात सरकारचं जलयुक्त शिवार सुरू झालं, मग २०१६ ला मागेल त्याला शेततळं, २०१७ ला गाळमुक्त धरण. तेव्हापासून सांगोला, मंगळवेढा, करमाळा पट्ट्यातल्या मशीनांनी किती धूळ गिळली असेल! उजनी धरण उणे साठ्यात गेलं की गाळ काढायला मशीनांची रांग लागते, आणि तो गाळ वाळला की पिठासारखा उडतो. ब्रीदर बुजला की टाकीत पोकळी होते आणि पंपाला तेल ओढता येत नाही. मशीन मंद पडलं की इंजिन बंद करून झाकण हळूच सैल कर. हवा आत ओढल्याचा फुस्स आवाज आला आणि नंतर मशीन सुधारलं, तर पंपाचे सगळे पैसे वाचले. टाकीतल्या सक्शन जाळीवरचा गाळ काढायला अर्धा दिवस मोडतो म्हणून कंटाळा करतात. तू करू नकोस.

सकाळी बरं चालतं आणि दुपारी मरतं, असं म्हणालास ना? ही खूण मोठी आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४३-४४ ला जातो. कुलरच्या पत्र्यांत धूळ आणि कडब्याचा भुसा बसलेला असला तर तेल ८०-९० अंशांवर जाऊन पाण्यासारखं पातळ होतं, आणि गिअर पंपाच्या झिजलेल्या फटीतून आतल्या आत मागे पळतं. कुलर साफ कर. तेलाच्या डब्यावरचा आकडा वाच, ४६ आहे की ६८. तो ४० अंशांवरच्या जाडीचा आकडा. पुस्तकात आपल्या हवेला जो सांगितलाय तोच घाल. पण गरम झाल्यावर मंद होणं म्हणजे पंपच, असंही समजू नकोस. जुन्या सक्शन पाइपाचं आतलं अस्तर तापल्यावर मऊ पडतं आणि ओढीने मिटतं. बाहेरून पाइप गोल दिसतो, आत गळा आवळलेला असतो. मोबाइलवर वेळ लाव: एकाच आरपीएमला बूम खालून वर जायला थंड असताना किती सेकंद, तापल्यावर किती. दोन्ही आकडे लिहून ठेव.

इंजिनाचंही ऐक. बकेट पूर्ण आत वळवून लिव्हर चार-पाच सेकंद तसाच धर, जास्त नाही. इंजिन दबून धूर टाकायला लागलं, बंद पडायला आलं, तर डिझेल फिल्टर आणि एअर फिल्टर आधी बघ, दुखणं हायड्रॉलिकचं नसेलही. इंजिनाला जाणवलंच नाही, आवाज होता तसाच राहिला, तर दाब तयारच होत नाहीये.

मग गेज. जुन्या बॅकहोचा मेन रिलीफ बहुतेक २०० ते २५० बारच्या दरम्यान असतो, पण नेमका आकडा तुझ्या मॉडेलच्या पुस्तकातला घ्यायचा. इथं एक खुबी आहे. हालचाल शेवटाला टेकवून आयडलवर दाब बघ, मग रेस वाढवून बघ. आयडलवर कमी आणि रेस दिल्यावर दाब चढत गेला, तर पंप आतून गळतोय, वेग वाढल्यावर ती गळती भरून निघते. रेस कितीही दे, आकडा एकाच कमी जागी अडून बसला, तर रिलीफ. तो खोल, बैठकीत कचरा बसलाय का, ओ-रिंग फाटलीय का, स्प्रिंग थकलीय का बघ. गेज न लावता स्क्रू आवळणाऱ्याला मशीनजवळ उभं करू नकोस. स्प्रिंगखाली वायसर घालून "प्रेशर वाढवून देतो" म्हणणारे उस्ताद आपल्या जिल्ह्यात कमी नाहीत. त्यांच्या मागे पाइप फुटतात आणि ब्लॉकला तडे जातात.

पुढचा लोडर उचलून ठेवला की खाली बसतो, असंही तू ओझरतं बोललास. सगळे लगेच सील किट मागवतात. पण विचार कर, त्या सिलिंडरचा दांडा आत यायचा तर तो जेवढी जागा घेतो तेवढं तेल कुठंतरी बाहेर जायला हवं. वॉल्व्ह घट्ट बंद असेल तर वाटच नाही, मग पिस्टनचं सील गेलं तरी तो बसणार नाही. बसतोय म्हणजे बहुधा स्पूल झिजलाय, नाहीतर त्याचा छोटा रिलीफ गळतोय. आणि हे ठीक होईपर्यंत मिरवणुकीत त्या बकेटमध्ये पोरं चढवून गुलाल उधळायला मशीन देऊ नकोस, कुणीही पुढारी मागायला आला तरी. ठीक झाल्यावरही माणसं चढवू नयेच. उचललेल्या लोडरखाली टेकू लावल्याशिवाय हात घालायचा नाही.

कुठलाही पाइप सोडायच्या आधी बकेट जमिनीवर टेकव, इंजिन बंद कर, लिव्हर हलवून दाब सोड. बारीक गळती बोटाने चाचपायची नाही, पुठ्ठा धरून बघायची. सुईच्या छिद्रातून २०० बारने निघालेलं तेल कातडीत घुसतं. सुरुवातीला दुखत नाही म्हणून माणूस घरी जातो, आणि नंतर हात जातो. तसं झालं तर लगेच मोठ्या दवाखान्यात जायचं आणि दाबाचं तेल आत गेलंय हे स्पष्ट सांगायचं.

गावोगाव ज्याला जेसीबी म्हणतात ते यंत्र जेसीबी कंपनीने १९५३ साली इंग्लंडात काढलं आणि १९७९ पासून आपल्याकडे बल्लभगडला बनायला लागलं. दुसऱ्या कंपन्यांच्या मशीनलाही लोक जेसीबीच म्हणतात, पण सुटे भाग घेताना हा लाड चालत नाही. मशीनवरच्या कंपनीच्या पाटीवरचा मॉडेल आणि सिरीयल नंबर मला लिहून पाठव.

एवढं सगळं करून पंपच निघाला, तर जुना रिटर्न फिल्टर टाकून देऊ नकोस. कापून आतला कागद उन्हात धर. चमचमणारे कण दिसले तर ते सगळ्या लाइनीत पसरलेत. टाकी, कुलर, पाइप धुतल्याशिवाय नवा पंप बसवला तर तोही त्याच वाटेने जाईल, आणि मग दुकानदाराशी भांडून उपयोग नाही. तो म्हणेल, तेल दाखवा.

माझा ४०० बारचा गेज आणि दोन अडॅप्टर उद्याच्या एसटीने पाठवतो. आयडल आणि पूर्ण रेसचा दाब, थंड-गरम सेकंद, आणि झाकण सैल केल्यावर काय झालं ते कळव. ताईला सांग, यंदा डाळिंबाचे खड्डे पावसाआधी होतील की नाही ते तुझ्या ब्रीदरवर आहे. गेज परत कर, मागच्या वेळचा पाना अजून तुझ्याकडेच आहे.

तुझा मामा