तीन पायऱ्यांचा मान

इमारतीला पुढे पायऱ्या नसतील तर ती आपल्याला टोपीवाचून आलेल्या पुढाऱ्यासारखी वाटते. आमच्या सोसायटीच्या पुनर्विकासाचा नकाशा आला, त्यात कारंजे होते, ग्रॅनाइट होते आणि दर्शनी भागी तीन पायऱ्या होत्या. लिफ्ट त्या पायऱ्या चढून गेल्यावर! म्हणजे ज्याला चढता येते, त्याचीच सोय.

मी पडलो बँकेतला कारकून. मला सौंदर्य कळत नाही, बेरीज कळते. पायरी ६ इंचांची, तीन पायऱ्यांचे १८ इंच. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे रॅम्पचा उतार फार तर एकास बारा, म्हणजे इंचाला फूट. रॅम्प झाला १८ फुटांचा.

"अठरा फूट?" सेक्रेटरी ओरडले. "अहो, मग कारंजं काय गच्चीवर न्यायचं?"

"आणि लागणार कुणाला?" खजिनदार म्हणाले. "व्हीलचेअर एकच, तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंची. त्यांची काही हरकत आलेली नाही."

येणार कशी? सभा गच्चीवर आणि जुन्या इमारतीला लिफ्ट नाही! काकू दोन वर्षांत खाली उतरल्या त्या फक्त इस्पितळात जायला, खुर्चीसकट चौघांच्या हातांवर. "वरात झकास निघाली हो," त्या मला म्हणाल्या होत्या, "पण कोथिंबिरीच्या जुडीसाठी रोज चौघं कुठून आणू?"

सभेत मी २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा काढला. लोक जांभया देऊ लागले. मग विचारले, "ज्यांचे गुडघे दुखत नाहीत, त्यांनी हात वर करावेत." दोनच हात वर गेले, त्यातला एक खेळायला आलेल्या नातवाचा होता.

म्हटले, "मंडळी, इमारत पन्नास वर्षं टिकायची. गुडघ्यांची हमी बिल्डर देत नाही. म्हातारपण ही एकच मुदत ठेव अशी, की पैसे न भरता पिकते."

रॅम्प मंजूर झाला. कारंजे कोपऱ्यात गेले.

पुढची सभा काकूंच्याच हॉलमध्ये भरली. चहा त्यांचा आणि पहिली हरकतही त्यांचीच. त्यांनी नकाशावरचे लिफ्टच्या दाराचे माप वाचले, शिवणाच्या डब्यातली टेप काढली आणि आपल्या खुर्चीला लावून दाखवली. दार दोन इंच कमी पडत होते.

आर्किटेक्टने निमूटपणे पेन्सिल काढली.