शालजोडीतले

पांढरपेशी मराठीत मार्मिक बोलण्याला 'शालजोडीतले' म्हणतात. म्हणजे शालीत गुंडाळून मारलेला जोडा. मारणारा शालवाला, जोडा शिवणारा वेशीबाहेर. जव्हार-मोखाड्यात शाल सत्कारापुरती, तीही पुढाऱ्याला. पण बोलणं बघा.

मध्य वैतरणा धरण २०१४ साली पुरं झालं. पाणी मुंबईला. उन्हाळ्यात मोखाड्याचे पाडे टँकरची वाट बघतात. हंडा घेऊन बसलेली एक म्हातारी मला म्हणाली, "आमचा पानी ममईला कामाला गेला. पोरं दिवालीला तरी घरी येतात, ह्यो येत नाय."

बाया हसल्या. मीपण हसलो. सोबतच्या साहित्यिकानं वहीत लिहिलं, 'ग्रामीण विनोद'. ते मी खोडायला लावलं. म्हटलं, तिथं 'तक्रार' लिहा, पाड्याच्या नावासकट.