काठावरचा मासा

उंच डोंगरावरच्या तळ्याशी पोहोचलेला माणूस आधी तळ्याच्या मध्याकडे बघतो. तिथलं पाणी सगळ्यात निळं, सगळ्यात खोल. मोठा मासा तिथेच असणार असं त्याला वाटतं. ट्राउट मात्र त्या वेळी बहुधा त्याच्या बुटांपासून पाच-सहा हातांवर, गुडघाभर पाण्यात फिरत असतो आणि माणसाची सावली पडताच खोलात निघून जातो. मी फ्लाय फिशिंग शिकवतो: फ्लाय म्हणजे गळावर बांधलेली किड्याची नक्कल, तिने मासा धरायचा. शिकायला आलेल्यांना पाण्यापासून मागे ओढणं हा माझ्या शिकवण्यातला मोठा भाग आहे. थांबा, बसा, काठाकडे बघा. रॉड नंतर जोडा.

तळ्यात अन्न तयार होतं ते जिथे ऊन तळापर्यंत पोहोचतं तिथे. उथळ पट्ट्यातल्या दगडांवर शेवाळ धरतं, शेवाळावर कीटकांच्या अळ्या जगतात, अळ्यांवर मासा. हा पट्टा संपून तळ एकदम खाली जातो ती रेघ पाण्याच्या रंगावरून कळते. हिरवट-मातकट रंग तुटतो आणि निळा सुरू होतो. ट्राउट त्या रेघेच्या आतबाहेर फेऱ्या मारतो. खोलातून वर येतो, काठ धरून थोडा फिरतो, पुन्हा खाली जातो. नदीत प्रवाह अन्न आणून देतो, म्हणून तिथला मासा एका दगडामागे ठाण मांडून राहू शकतो. तळ्यातल्या माशाला अन्नाकडे स्वतः जावं लागतं. नदीवर तयार झालेला गळकरी तळ्यावर गोंधळतो तो यामुळेच.

उन्हाचं हे महत्त्व मला काश्मीरच्या तळ्यांवर जाण्याआधी घराजवळ कळलं होतं. मी नंदिनी नगरला राहतो. भिलाईच्या पोलाद कारखान्याला चुनखडी पुरवणाऱ्या खाणीची ही वसाहत. भट्टीत लोहखनिजातला मळ वेगळा काढायला ही चुनखडी लागते. खाणीच्या कापलेल्या भिंतीवर अनेक ठिकाणी एकावर एक वाट्या ठेवाव्यात तसे बाकदार थर दिसतात. भूशास्त्रज्ञ त्यांना स्ट्रोमॅटोलाइट म्हणतात. सुमारे शंभर कोटी वर्षांपूर्वी इथे उथळ समुद्र होता. ऊन तळाला पोहोचत होतं, तळावर सूक्ष्मजीवांची साय धरत होती आणि तिच्यात अडकलेला चुना थराथराने दगड होत होता. जीव धरला तो उजेडाच्या पट्ट्यात. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांपर्यंत तापणाऱ्या या मुलुखाचा आणि बर्फाच्या तळ्यांचा दुसरा काही संबंध नाही. पण काश्मीरमधल्या विशनसर तळ्याच्या काठावर बसून पाण्याखालचे शेवाळलेले दगड न्याहाळताना मला खाणीतली ती भिंत आठवतेच.

विशनसर, कृष्णसर, गडसर, नंदकोल, गंगाबल: सोनमर्गहून निघून नारानागला उतरणाऱ्या वाटेवरची ही तळी साडेतीन हजार मीटरच्या वर आहेत. मराठी गिर्यारोहक आता दर वर्षी मोठ्या संख्येने या वाटेने जातात. यातल्या बहुतेकांना पायाशी ट्राउट फिरतोय याची कल्पना नसते. वर्षातले निम्म्याहून अधिक महिने ही तळी बर्फाखाली असतात. माशाला वाढायला मिळतात ते जुलै ते सप्टेंबरचे दिवस. त्यामुळे इथला वीतभर मासाही कित्येक वर्षांचा असू शकतो. तो हातात धरताना हे वय लक्षात ठेवावं.

हा ब्राउन ट्राउट काश्मीरचा नव्हे. १८९९मध्ये इंग्लंडहून आलेली अंडी वाटेतच मेली. १९००मध्ये स्कॉटलंडची पिल्लं जिवंत पोहोचली. श्रीनगरमधल्या गालिच्याच्या कारखान्याचे मालक फ्रँक मिचेल यांनी ती सांभाळली, वाढवली. पुढे हारवनला उबवणी केंद्र उभं राहिलं आणि तिथून पिल्लं एकेका खोऱ्यात गेली. १९०९पासून कुलूमध्ये तेच घडलं. निलगिरीत एच. सी. विल्सन यांनी अॅव्हलांचला रेनबो ट्राउट रुजवला. आज कोकरनागच्या झऱ्यावर सरकारी ट्राउट केंद्र चालतं. तो झरा चुनखडीतून येतो आणि बारमाही थंड असतो. चुनखडीच्या पाण्यात कवचधारी जीव आणि कीटक भरपूर वाढतात. वरच्या तळ्यांत मुख्यतः बर्फवितळीचं पाणी, त्यात क्षार कमी, म्हणून अन्नही कमी. खालचा मासा जाडजूड आणि वरचा सडपातळ दिसतो, त्यामागे थंडीबरोबर पाण्याचा हा गरीबपणाही आहे.

प्राणवायूचाही विचार करावा लागतो. थंड पाण्यात तो जास्त मावतो, पण ३,७०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ६३ टक्केच उरतो. समुद्रसपाटीला दहा अंशांच्या पाण्यात लिटरमागे अकरा मिलिग्रॅमहून थोडा जास्त प्राणवायू मावतो, तर तिथे जेमतेम सात. ट्राउटला हे पुरतं; पण ताणून दमवलेल्या माशाला सावरायला वेळ लागतो. म्हणून गळाला लागलेला मासा लवकर जवळ घ्यायचा, हात ओले करूनच धरायचा, पाण्याबाहेर काढून फोटोचं प्रदर्शन मांडायचं नाही. मी गळाचा काटा पकडीने दाबून सपाट करतो. काटा नसलेला गळ तोंडातून सहज निघतो, आणि दोर ताणलेला ठेवला तर मासा सुटतही नाही.

आता वारा. पहाटे थंड हवा शिखरांकडून खाली वाहते आणि तळं बहुधा शांत असतं. ऊन चढलं की उतार तापतात, वारा उलटतो आणि खोऱ्यातून वर येऊ लागतो. त्याच्याबरोबर कुरणांतल्या पंखवाल्या मुंग्या, भुंगे, माश्या वर येतात आणि गार पाण्यावर पडून गारठतात. वारा ज्या काठाकडे वाहतो तिथे फेसाची रेघ जमते, त्या रेघेत हे किडे आणि त्यांच्या खाली ट्राउट. सगळे लोक वाऱ्याला पाठ करून आरामात उभे राहतात; मासा असतो समोरच्या काठावर, जिथे तोंडावर वारा घेऊन फेक करावी लागते. दुपारच्या वेळी मी काळ्या मुंगीची फ्लाय लावून तिथेच जातो.

सकाळ वेगळी. तेव्हा पाण्यावर लहान वर्तुळं उमटतात, पण वर किडा दिसत नाही. दिसायला चिलटासारख्या पण न चावणाऱ्या कायरोनोमिड कीटकांचे कोष तळातून हळूहळू वर येऊन पाण्याच्या पापुद्र्याखाली लोंबकळत असतात आणि ट्राउट ते वरच्यावर टिपतो. यासाठी सोळा किंवा अठरा नंबरच्या गळावर काळा दोरा, वर चंदेरी तारेचे वेढे आणि डोक्याशी गळून पडलेल्या मोरपिसाचे दोन तंतू पुरतात. आणखी एक फ्लाय मी कायम जवळ ठेवतो, ती इंग्लंडमधल्या एव्हन नदीचे रखवालदार फ्रँक सॉयर यांनी बसवलेली: फेजंट पक्ष्याच्या शेपटीचे तंतू आणि तांब्याची बारीक तार, बस्स. दोरासुद्धा नाही. तारेच्या वजनाने ती बुडते आणि पोहणाऱ्या अळीसारखी दिसते. नदीकाठी रोज चालणाऱ्या माणसानेच असं काही करावं.

फेकीबद्दल थोडंच लिहितो, कारण ती कागदावर शिकता येत नाही. साध्या गळाला शिशाचं किंवा आमिषाचं वजन असतं आणि आपण ते वजन फेकतो. फ्लायला फेकता येईल इतकं वजन नसतं. इथे फेकली जाते ती जाड, वजनदार लाइन, आणि फ्लाय तिच्यामागे जाते. मागे गेलेली लाइन पूर्ण उलगडेपर्यंत थांबणं, हीच त्यातली किल्ली. गळाऐवजी लोकरीचा गोंडा बांधून कुठल्याही मैदानावर सराव करता येतो. नऊ फुटांचा पाच नंबरचा रॉड या तळ्यांना पुरेसा आहे. लांब फेकीचं वेड सोडावं. काठ धरून येणारा मासा दिसला की त्याच्या वाटेवर, बऱ्याच पुढे फ्लाय ठेवायची आणि हलायचं नाही. तो जवळ आला की एकदाच, बोटभर ओढायची. त्याच्या डोक्यावर पडलेली फ्लाय त्याला फक्त घाबरवते.

तळ्याला येऊन मिळणारा ओढा मात्र मी शरदात सोडून देतो. ब्राउन ट्राउटला अंडी घालायला वाहतं पाणी आणि बारीक खडी लागते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मासे ओढ्याच्या मुखाशी गोळा होतात. चार अंशांच्या पाण्यात अंडी फुटायला सुमारे ११० दिवस जातात, म्हणजे अख्खा हिवाळा ती बर्फाखालच्या खडीत असतात. त्या खडीवरून बूट घालून चालणं म्हणजे पुढची पिढी तुडवणं. मत्स्य विभागाचा परवाना खिशात असला म्हणून ते चालत नाही.

एका गोष्टीवर माझं मत ठाम आहे. हिमालयात आजही ट्राउट नसलेली तळी आहेत आणि ती तशीच राहावीत. अमेरिकेच्या सिएरा नेवाडामधल्या उंच तळ्यांत मुळात मासा नव्हता. विसाव्या शतकात तिथे ट्राउट सोडले गेले, पुढे विमानातूनसुद्धा. पिवळ्या पायांच्या बेडकांचे डिंभ तिथे वर्षानुवर्षं पाण्यात राहून वाढत. माशांनी ते खाल्ले आणि बेडूक एकामागून एक तळ्यांतून संपले. मग राष्ट्रीय उद्यानांनी जाळी लावून काही तळ्यांतले ट्राउट काढून टाकले, तेव्हा त्या ठिकाणी बेडूक पुन्हा वाढले. बुरशीच्या रोगानेही या बेडकांचं मोठं नुकसान केलं आहे, पण माशांचा वाटा त्या प्रयोगांत स्पष्ट दिसला. मी ट्राउटवर जीव लावलेला माणूस आहे. तरीही, जिथे शंभर वर्षांपूर्वी तो पोहोचला तिथेच त्याच्या मागे जावं, नवी तळी त्याला देऊ नयेत, असं मला वाटतं.

महाराष्ट्रात ट्राउट का आणत नाहीत, असं मराठी मित्र विचारतात. आपलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, तेही १,६४६ मीटरच. तिच्याखालचे ओढे उन्हाळ्यात आटतात किंवा तापतात, आणि पाणी वीस अंशांच्या वर गेलं की ट्राउट खाणं सोडतो. पण त्याची गरजही नाही. कर्नल सायक्स यांनी १८३९मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतून ज्याचं शास्त्रीय वर्णन केलं, तो दख्खनचा महसीर आपला आहे. महाडजवळ काळ नदीवरच्या वाळणकोंडीत लोक त्याला वरदायिनीचा मासा मानतात आणि धरत नाहीत. लोणावळ्याला वळवणच्या तलावाकाठी टाटांच्या वीज कंपनीने १९७०च्या दशकापासून त्याची पिल्लं वाढवून अनेक जलाशयांत सोडली आहेत. तो फ्लायही घेतो, आणि त्याची ओढ कुठल्याही ट्राउटहून जबर असते. मात्र देवाच्या डोहावर रॉड नेऊ नये. परवानगी असलेल्या जलाशयावर पहाटे जावं, पाण्यापासून चार पावलं मागे बसावं आणि आधी काठाकडे बघावं.