कॉटखालची गिरणी

मुंबईत आगगाडी आधी आली आणि कापडगिरणी मागून. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला गाडी सुटली आणि पुढच्याच वर्षी, १८५४ साली, कावसजी दावर यांनी ताडदेवच्या गिरणीचा घाट घातला. लालबागच्या आमच्या दहा बाय बाराच्या खोलीतही हाच क्रम राहिला. आधी गाडी आली. बोटीवरच्या काकांनी ती हॅम्बुर्गहून आणली होती. गिरणी मात्र आम्हीच बांधली, दोन मे महिन्यांच्या सुट्ट्या घालून.

गाडी म्हणजे एक इंजिन, तीन मालडबे, बारा व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर आणि साडेसोळा मिलिमीटर रुंदीचे रूळ. काकांनी सहा फूट बाय तीन फुटांची प्लायवूडची फळी आणून त्यावर रूळ ठोकून दिले. फळी राहायची कॉटखाली, कारण दुसरी जागाच नव्हती. बाबांची रातपाळी असली की दिवसा ते कॉटवर झोपलेले असत आणि त्यांच्या खालून ती फळी आम्हाला श्वास रोखून ओढावी लागे. दुसऱ्या पाळीचा आठवडा आला की आमची चंगळ. तेव्हा तुमच्याही घरी खेळायचं की गप्प बसायचं हे पाळीवरच ठरत असेल.

गाडी सुरेख होती, पण नुसती गोल गोल फिरायची. चार दिवस आजीने ते पाहिलं आणि पाचव्या दिवशी विचारलं, "अरे, ही जाते कुठं?" आम्ही गप्प. मालडबे होते, पण माल कुणाचा आणि उतरवायचा कुठे? बाबा दाढी करत होते. आरशातूनच म्हणाले, "गिरणी बांधू."

तेव्हापासून घरात एक कोष्टक पाढ्यासारखं पाठ झालं. फुटाला साडेतीन मिलिमीटर. त्या गाडीचं मापच तसं होतं, खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याचं. साडेपाच फुटी माणूस एकोणीस मिलिमीटरचा. सात फुटी दार जेमतेम चोवीस-पंचवीस मिलिमीटरचं. काडेपेटीची काडी म्हणजे सात इंची तुळई. बाबा कामावर जाता-येता गिरणीची भिंत पावलांनी मोजत आणि आकडे बिडीच्या पुडक्यावर लिहून आणत. तीनशे फुटांचं साचेखातं, म्हणजे मागांची शेड, या हिशेबाने जवळपास साडेतीन फुटांचं होत होतं. रूळ सोडून फळीवर तेवढी जागाच नव्हती. मग छपराचे दात कमी करून पाचच घ्यायचे ठरले.

ते दाती छप्पर आठवतं ना? करवतीच्या पात्यासारखं, एका बाजूला उतरता पत्रा आणि दुसऱ्या बाजूला उभी काच. काच नेहमी उत्तरेला. दक्षिणेची काच केली तर ऊन थेट साच्यावर येतं, डोळे दिपतात, तुटलेला धागा दिसत नाही. उत्तरेचा उजेड दिवसभर सारखा राहतो. हे आम्हाला शाळेत कुणी शिकवलं नाही. पुठ्ठा कापताना बाबांनी सांगितलं आणि मग फळी कॉटखालून काढली की ती काचेची बाजू उत्तरेकडे करूनच ठेवायची, असा नेम त्यांनी घालून दिला.

विकत काय आणायचं? काही नाही. भिंतींना जुन्या लग्नपत्रिका. जाड, गुळगुळीत, दोन-दोन एकमेकींना चिकटवलेल्या. चिकटवायला गव्हाच्या पिठाची खळ आणि तिच्यात चिमूटभर मोरचूद, नाहीतर झुरळं रात्रीत अख्खी गिरणी फस्त करतील. विटांच्या रेघा संपलेल्या रिफिलच्या टोकाने दाबून काढायच्या, एका विटेला अडीच मिलिमीटर. हे काम ताईचं. आठ दिवस ती खाली मान घालून रेघा ओढत होती, शेवटी आजीने तिच्या मानेला तेल चोळलं. रंगाला गेरू. आईने त्यात शेगडीची राख मिसळली, कारण गिरणीची भिंत कधी लालबुंद राहतच नाही. पाण्याच्या नळांना खराट्याच्या काड्या.

खिडक्यांना काच कुठून आणायची? आजीच्या गुडघ्याचा एक्सरे पेटीत पडून होता. धुण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्यात तो भिजवला आणि नारळाच्या शेंडीने हलके घासला. काळा थर सुटला, खाली स्वच्छ पारदर्शक फिल्म. मग पुढे कित्येक वर्षं आजी पाहुण्यांना खिडक्या दाखवून सांगे, "हा माझा गुडघा बरं का."

पण सगळ्यात अडलं ते पन्हाळी पत्र्यापाशी. बल्बच्या खोक्यातला पन्हाळी कागद लावून पाहिला. त्याच्या नळ्या इतक्या जाड की मापाने फूटभर रुंदीच्या झाल्या. बाबांनी तो काढून टाकला. दोन दिवस छप्पर तसंच उघडं. तिसऱ्या दिवशी आई ताईच्या केसांतून फणी फिरवत होती. फिरवता फिरवता थांबली. उठून सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद घेतला, फणीच्या दातांवर ठेवला आणि अंगठ्याच्या नखाने वरून खाली, वरून खाली दाबत नेला. कागद उचलला तर पत्रा! बारीक, एकसारख्या पन्हाळी, प्रत्येक रेघेवर उजेड. फणीचे दात दोन सेंटिमीटर लांब, म्हणजे पत्रा मापाने जवळपास सहा फुटी निघाला. बाजारातला लहान पत्राही सहा फुटीच असतो. जॉबरकाका शेजारच्या खोलीतून बघायला आले आणि तो तुकडा तळहातावर घेऊन बराच वेळ उभे राहिले. चाळीतल्या सिगारेट ओढणाऱ्या प्रत्येकाने त्या महिन्यात आम्हाला चंदेरी कागद जपून ठेवून दिले. दीडशेच्या वर पत्रे लागले, प्रत्येक आईच्या नखाखालून गेलेला.

आणि चिमणी. बाबांनी त्रासनखात्यातून बाद झालेली एक लाकडी बॉबिन मागून आणली होती. वर निमुळती, खाली रुंद, तेलाने काळपट झालेली, थेट चिमणीच. पण आठ इंचांची, म्हणजे अठ्ठावन्न फुटांची. बाबांना ते पटेना. "एवढीशी चिमणी? बॉयलरला ओढ कशी लागणार?" चिमणी जितकी उंच, तितकी हवेची ओढ जास्त आणि तितका जाळ चांगला. दीडशे फूट तरी हवी, असा त्यांचा आग्रह. मग कॅलेंडरचा कागद खळीने थरावर थर गुंडाळून खालचा भाग केला, वर बॉबिन बसवली आणि एकूण पावणेदोन फुटांची चिमणी उभी राहिली. आता ती कॉटखाली जाईना. म्हणून ती सुटी ठेवली. खेळ संपला की गिरणी कॉटखाली आणि चिमणी देवांच्या फळीवर, समईशेजारी.

बॉबिनला आरपार भोक असतंच. फळीलाही एक पाडलं, खाली वाटीत उदबत्ती खोवली आणि धूर निघाला. भोंग्याला पेनाचं टोपण. ओठाला लावून फुंकलं की शिट्टी वाजे. खऱ्या गिरणीचा भोंगा झाला की लगेच आमचा. मग गाडी निघायची. येताना कापसाच्या गाठी, आईच्या वातींच्या कापसाच्या, गोणपाटात बांधलेल्या. जाताना कापडाचे तागे, शिंप्याकडच्या चिंध्या रिफिलवर गुंडाळून केलेले. आजी खुर्चीवरून विचारी, "आता कुठं जाते?" आणि आम्ही एका सुरात सांगत असू, "गिरणीत!"

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाख गिरणी कामगार घरी बसले, त्यांत आमचे बाबाही. कॉट दिवसा रिकामी राहू लागली. पाळी नव्हती, त्यामुळे फळी कधीही ओढता येत होती, पण आम्हालाच ती ओढावीशी वाटेना. ओढली बाबांनी. त्यांनी छपराचे पाचही दात ब्लेडने सोडवले, उचलून बाजूला ठेवता येतील असे केले आणि आत साचे मांडायला घेतले. काड्यांचे साचे. प्रत्येकाला दोरा ताणलेला, प्रत्येकात तांदळाच्या दाण्याएवढा धोटा. काम करताना ते बोलत नसत. फक्त एकदा मला जवळ बोलावून एका साच्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हा माझा." असे चोवीस साचे त्यांनी केले. मग गावी निघून गेलो, सगळ्यांसारखे.

परत आलो तेव्हा दोन पावसाळे होऊन गेले होते. खोली गळली होती, खळ फुगली होती आणि मोरचुदाला न जुमानता झुरळांनी लग्नपत्रिका संपवल्या होत्या. चोवीसपैकी सात साचे हाती लागले. ते ताईने काडेपेटीत ठेवले आहेत. पुण्यात कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ साली उघडलं, तेव्हा आम्ही बाबांना तिथे घेऊन गेलो. सगळे गाड्या बघत होते आणि बाबा घरांची छपरं.

चिमणी देवांच्या फळीवर होती, म्हणून ती वाचली. खालचा कागदी भाग त्यानंतर दोनदा बदलला, वरची बॉबिन तीच आहे. भोकाला नाक लावलं तर उदबत्तीचा वास येतो, आणि त्याच्या खाली तेलाचा. तुमच्या माळ्यावर, पेटीत, एखाद्या फडक्यात धोटा, कांडी, बॉबिन, बाबांचा पितळी बिल्ला असेल, तर भंगारात देऊ नका. घरात पोरं असतील तर त्यांच्या हाती द्या आणि सोबत हे कोष्टकही द्या. फुटाला साडेतीन मिलिमीटर, काच उत्तरेला.