ट्रक उभा, घड्याळ चालू

अमेरिकेतल्या मालट्रकचा वेग ताशी ५ मैलांवर गेला, की इंजिनाला जोडलेलं एक छोटं यंत्र ड्रायव्हरला न विचारता ‘ड्रायव्हिंग’ अशी नोंद करतं. ट्रक थांबल्यावर पाच मिनिटं काहीच हालचाल झाली नाही, तर ते विचारतं : अजून गाडीच चालवताय का? मिनिटभरात उत्तर आलं नाही, तर स्वतःच ‘ड्युटीवर, पण गाडी चालवत नाही’ असं लिहून मोकळं होतं. पडद्यावर चोवीस तासांचा तक्ता असतो. त्यात चार आडव्या ओळी : सुट्टी, केबिनमधल्या बर्थवरची झोप, ड्रायव्हिंग आणि इतर काम. दिवसभर एक रेघ या चार ओळींमधून वरखाली फिरत राहते आणि दिवस संपला की ड्रायव्हरनं ती खरी असल्याची सही करायची. यंत्राचं नाव इलेक्ट्रॉनिक लॉगिंग डिव्हाइस. ड्रायव्हरांच्या तोंडी नुसतं ‘ईएलडी’.

हाच तक्ता पूर्वी कागदावर असे. ट्रकचालकांच्या कामाच्या तासांवर अमेरिकेत १९३०च्या दशकापासून मर्यादा आहे आणि वहीही तेव्हापासूनची. मात्र वहीत रात्री ढाब्यावर बसून पेन्सिलीनं हवी तशी रेघ ओढता येई. काही जण दोन वह्या बाळगत, एक मालकासाठी आणि एक पोलिसासाठी. या वहीला ड्रायव्हर मंडळी थट्टेनं ‘कॉमिक बुक’ म्हणत. दमलेला माणूस ३६ टनांचं धूड हायवेवरून हाकतो, तेव्हा ही थट्टा राहत नाही, हे सगळ्यांना कळत होतं. म्हणून २०१२ साली अमेरिकन संसदेनं वाहतूक कायद्यात यंत्राची सक्ती घातली. १८ डिसेंबर २०१७ पासून ती लागू झाली आणि १ एप्रिल २०१८ पासून, यंत्र नसेल तर ट्रक जागच्या जागी उभा करायला सुरुवात झाली. २००० सालापूर्वीच्या इंजिनांना सूट मिळाली, तेव्हा जुन्या ट्रकना अचानक भाव आला.

यंत्र ज्या नियमांवर पहारा देतं, ते वरवर सोपे आहेत. सलग दहा तासांच्या विश्रांतीनंतर ११ तास गाडी चालवता येते, पण कामाला सुरुवात केल्यापासून १४ तासांच्या आत. आठ दिवसांत ७० तासांची आणखी एक मर्यादा आहेच. खरी मेख आहे ती त्या १४ तासांत. ट्रक थांबला म्हणून ते घड्याळ थांबत नाही.

एखादा ड्रायव्हर सकाळी सहाला कामावर रुजू झाला असं धरू. टायर, ब्रेक, दिवे तपासून साडेसहाला निघाला आणि आठ वाजता गोदामाच्या फाटकात पोचला. माल भरण्याची वेळ आठचीच ठरलेली. पण डॉक मोकळा नाही. रांगेत उभं राहा, फोन येईल. माल भरून कागद हातात पडेपर्यंत दुपारचा एक वाजला. रात्री आठला १४ तास पुरे. म्हणजे दिवसाकाठी ११ तास गाडी चालवायची मुभा असलेल्या या माणसाला साडेआठच तास मिळाले. बहुतेक लांब पल्ल्याच्या ड्रायव्हरांना पगार मैलांवर मिळतो. रांगेतले पाच तास जवळजवळ फुकट. थांबल्याचे पैसे मिळाले तरी पहिले दोन तास सोडून मोजायचा रिवाज आहे, आणि कंपनीला मिळालेले पैसे ड्रायव्हरपर्यंत पोचतीलच असं नाही.

२०२० साली सरकारनं यात थोडी पळवाट दिली. दिवसातला किमान दोन तासांचा थांबा विश्रांती म्हणून नोंदवला, नंतर बर्थमध्ये किमान सात तास झोप घेतली आणि दोन्ही मिळून दहा तास भरले, तर तो थांबा १४ तासांतून वगळता येतो. कागदावर उत्तम. पण गोदामाच्या रांगेत अर्ध्या अर्ध्या तासानं ट्रक पुढे सरकवावा लागतो, आणि चाक हललं की विश्रांती मोडली.

अशा वेळी ड्रायव्हर काय करतो? वेग वाढवतो. अ‍ॅलेक्स स्कॉट, अँड्र्यू बॉल्थ्रॉप आणि जेसन मिलर या अभ्यासकांनी सक्तीच्या आधीची आणि नंतरची सरकारी आकडेवारी तपासली. कामाच्या तासांचं उल्लंघन झपाट्यानं घटलं होतं, अपघात मात्र घटल्याचं दिसलं नाही. उलट छोट्या कंपन्यांच्या ड्रायव्हरांवर वेगमर्यादा मोडण्यासारख्या बेफिकीर ड्रायव्हिंगच्या नोंदी वाढल्या. वाहतूक खात्याच्या महानिरीक्षकांनी २०१८ साली गोदामांतल्या खोळंब्याचा हिशेब मांडला, तेव्हा सरासरी थांबा १५ मिनिटांनी वाढला की अपघातांचं अपेक्षित प्रमाण ६.२ टक्क्यांनी वाढतं, असं निघालं. मालवाहतुकीच्या सुरक्षेत काम करणाऱ्या आम्हा मंडळींना या अहवालाचं आश्चर्य वाटलं नाही. आश्चर्य याचं वाटतं, की यंत्र बसलं ते ड्रायव्हरच्या केबिनमध्ये, गोदामाच्या फाटकावर नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती ही.

घड्याळ संपत आलं की दुसरा प्रश्न : ट्रक लावायचा कुठे? संध्याकाळी सातनंतर हायवेवरच्या विश्रांतीस्थळांवर जागा मिळणं मुश्कील. मार्च २००९ मध्ये जेसन रिव्हनबर्ग हा ड्रायव्हर माल उतरवायच्या ठिकाणी वेळेआधी पोचला. तिथं थांबायची सोय नव्हती, म्हणून साउथ कॅरोलायनातल्या एका बंद पेट्रोल पंपावर त्यानं ट्रक लावला. तिथं लुटारूनं त्याला गोळी घातली. हाती लागले ७ डॉलर. त्याच्या पत्नीच्या पाठपुराव्यातून ट्रकच्या पार्किंगसाठी ‘जेसन्स लॉ’ आला. तो आला २०१२ च्या त्याच वाहतूक कायद्यातून, ज्यानं ईएलडीची सक्ती केली. पैकी यंत्र बहुतेक केबिनांमध्ये पोचलं. पार्किंगचं म्हणाल, तर २०१९ च्या सरकारी पाहणीत ९८ टक्के ड्रायव्हरांनी सुरक्षित जागा शोधताना नेहमी अडचण येते, असं सांगितलं.

आता कंपनीची शिस्त. कायदा यंत्राकडून फार थोडं मागतो : इंजिन कधी सुरू झालं, कधी बंद झालं, गाडी चालू असताना तासातासाला ठिकाण आणि कामाची स्थिती. पण एकदा यंत्र बसलं की कंपन्या त्याच तारेवर बाकीचं सगळं लटकवतात. जोरात दाबलेला ब्रेक, उभ्या गाडीत चालू ठेवलेलं इंजिन, खर्च झालेलं डिझेल, काही ठिकाणी ड्रायव्हरच्या तोंडावर रोखलेला कॅमेरा. या सगळ्याचे गुण काढून बोनस ठरतो. कॉर्नेल विद्यापीठाच्या समाजशास्त्रज्ञ कॅरन लेव्ही यांनी अनेक वर्षं ड्रायव्हरांमध्ये वावरून यावर ‘डेटा ड्रिव्हन’ हे पुस्तक लिहिलं. ड्रायव्हरच्या पोटातलं ज्ञान ऑफिसातल्या पडद्यावर गेलं की हुकूम कुणी द्यायचा हेही बदलतं, हा त्यातला मुद्दा. पूर्वी ‘दमलोय, पुढे जमणार नाही’ म्हटलं की ऑफिसातल्या डिस्पॅचरला मान्य करावं लागे. आता उत्तर येतं, ‘तुझे अजून दोन तास शिल्लक दिसतात.’

छळाचा हा धोका न्यायालयानंही ओळखला होता. मालक-चालकांच्या ओओआयडीए या संघटनेच्या अर्जावर शिकागोच्या अपील न्यायालयानं २०११ मध्ये यंत्राचा आधीचा नियम याच कारणानं रद्द केला. नव्या नियमात मग तरतुदी आल्या. ड्रायव्हर बर्थमध्ये झोपलेला असताना यंत्राचा आवाज बंद करता आला पाहिजे. कंपनीनं नोंदीत बदल सुचवला तर तो ड्रायव्हरच्या मंजुरीनंच व्हावा. यंत्राच्या माहितीवरून छळ करायला बंदी. पण छळाची व्याख्या अशी, की कंपनीच्या कृतीमुळे तासांचा किंवा आजारपण-थकव्याबाबतचा नियम मोडला गेला, तरच तो छळ. नियमाच्या चौकटीत राहून पिळलं, तर तक्रारीला जागा नाही. २०१६ मध्ये याच न्यायालयानं हा नियम मान्य केला.

शिस्त किती टोकाला जाते, याचं गाजलेलं प्रकरण मात्र यंत्राच्या आधीचं आहे. जानेवारी २००९, इलिनॉय, गोठवणारी रात्र. ट्रेलरचे ब्रेक बर्फानं जाम झालेले आणि केबिनचा हीटर बंद. मदतीची वाट पाहता पाहता ड्रायव्हरला झोप लागली. जाग आली तेव्हा अंग बधिर झालेलं. माल सोडून जाऊ नकोस, असं ऑफिसनं बजावलं. त्यानं ट्रेलर सोडवला आणि नुसता ट्रक घेऊन ऊब शोधायला निघाला. नोकरी गेली. दुसऱ्या एका अपील न्यायालयानं २०१६ मध्ये दोन विरुद्ध एक मतानं त्याची बाजू उचलून धरली. विरोधी मत देणारे न्यायमूर्ती नील गोर्सच पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयावर गेले. कायदा गाडी चालवायला नकार देणाऱ्याला संरक्षण देतो, यानं तर गाडी चालवली, असा त्यांचा युक्तिवाद होता.

युरोपात टॅकोग्राफ हे असंच यंत्र कित्येक दशकं आहे. तिथं गाडी चालवण्याची रोजची मर्यादा सहसा नऊ तासांची. पण सोबत आणखी एक कलम आहे : सुरक्षेला धोका पोचेल अशा रीतीनं मैलांवर किंवा मालाच्या वजनावर पगार देता येणार नाही. अमेरिकेत हे कलम नाही. उलट १९३८ च्या श्रम कायद्यानं या ड्रायव्हरांना ओव्हरटाइमच्या हक्कातून वगळलं. ते वगळणं काढून टाकण्याची विधेयकं संसदेत मांडली गेली, मंजूर झाली नाहीत.

आपल्याकडे १९६१ च्या कायद्यानं वाहतूक कामगाराला दिवसाला आठ तास ठरवून दिले होते. मुंबई-आग्रा रस्त्यावरच्या कोणत्याही ड्रायव्हरला विचारा, त्याला ते ऐकूनही माहीत नसतील. नितीन गडकरींनी २०२१ मध्ये, वैमानिकांप्रमाणे ट्रकचालकांचेही तास ठरवले पाहिजेत, असं म्हटलं होतं. तास ठरले की त्यांवर लक्ष ठेवणारं यंत्रही आज ना उद्या येईल आणि ते यायलाही हवं, कारण झोपेनं मरणारी माणसं खरी आहेत. पण ते येईल तेव्हा ट्रक गोदामाच्या फाटकातून आत गेल्याची आणि रिकामा होऊन बाहेर पडल्याची वेळही त्यात नोंदली जावी, आणि त्या तासांचे पैसे ड्रायव्हरच्या हातात पडावेत. वाहतूकदारांच्या आणि चालकांच्या संघटनांनी ही मागणी नियम छापले जाण्याआधीच लावून धरावी. अमेरिकेत ती नंतर केली गेली, आणि अजून मान्य झालेली नाही.