सर्व्हिस जाळीपलीकडे

वाचकहो, पन्नाशी ओलांडल्यावर मी व्हॉलीबॉलची सर्व्हिस शिकलो असे सांगितले तर तुम्ही हसाल. हसा, पण गोष्ट ऐका.

कृषी महाविद्यालयात असताना एका सामन्यात ऐन मोक्याची सर्व्हिस माझ्याकडे आली. चेंडू जाळीत गेला आणि पाठोपाठ सामनाही. तेव्हापासून कडेला उभे राहून टाळ्या वाजवायच्या, एवढेच माझे व्हॉलीबॉल उरले.

दोन वर्षांपूर्वी पारनेर तालुक्यातल्या एका गावात ज्वारीच्या बियाण्याला गंधक चोळण्याचे प्रात्यक्षिक आटोपून निघालो होतो. शाळेच्या पटांगणावर मुलामुलींचा खेळ रंगला होता. "साहेब, एक गडी कमी आहे, या की!" मी म्हणालो, "मला सर्व्हिस जमत नाही रे." शेजारी एक शेतकरी उभे होते. ते शांतपणे म्हणाले, "साहेब, आम्हाला सांगता, आधी एका गुंठ्यावर करून बघा. आता तुम्हीबी एक गुंठा करून बघा."

याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. मी मैदानात उतरलो.

दहावीतली एक मुलगी माझी गुरू झाली. "साहेब, जोर नंतर. आधी उभे नीट राहा." उजव्या हाताने मारणाऱ्याने डावा पाय पुढे ठेवायचा. चेंडू डाव्या तळव्यावर कमरेच्या उंचीला धरायचा. उजवा हात पाळण्याच्या झोक्यासारखा मागून पुढे आणायचा. चेंडू किंचित सोडून, मनगटाजवळच्या कठीण तळव्याने खालून मारायचा. अंगाचा भार मागच्या पायावरून पुढच्या पायावर यायला हवा. नजर चेंडूवर, जाळीवर नाही. माझी चूक नेमकी हीच होती. मी सारखा जाळीकडे बघत होतो.

मागची रेघ जाळीपासून 9 मीटरवर, म्हणजे तीस फुटांवर असते. तिथून चेंडू जाईना. पोरगी म्हणाली, "निम्म्यावरून मारा." तिथून गेला. मग दर भेटीला दोन पावले मागे सरकत गेलो. दिवाळीनंतर एका संध्याकाळी रेघेमागून मारलेला चेंडू जाळीपलीकडे पडला. पोरांनी पटांगण डोक्यावर घेतले. ते शेतकरी फक्त म्हणाले, "उगवलं की, साहेब."

आमच्या वेळी सर्व्हिस चुकली तर पाळी जायची, गुण सहसा जात नसे. 1998 साली आंतरराष्ट्रीय महासंघाने नियम बदलला. आता प्रत्येक चूक म्हणजे समोरच्याला थेट एक गुण. म्हणून नवशिक्याने वरून मारण्याची हौस नंतर करावी. आधी खालून दहापैकी आठ चेंडू पलीकडे जाऊ द्यावेत.

आणखी एक सांगतो. हा खेळ 1895 साली अमेरिकेत होलिओक गावी विल्यम मॉर्गन यांनी काढला, तो बास्केटबॉलची दमछाक न झेपणाऱ्या प्रौढ माणसांसाठी. म्हणजे तो तुमच्या-माझ्यासाठीच होता, आणि मी तीस वर्षे कडेला उभा!

तेव्हा बंधू-भगिनींनो, खळ्यात दोन खांबांना दोर बांधा. मुलींसाठी 2.24 मीटर, मुलग्यांसाठी 2.43 मीटर ही मोठ्यांची उंची. लहानांना खाली घ्या. लेकीलाही खेळू द्या, आणि एक सर्व्हिस स्वतः मारा. जाळीत गेली तर जाऊ द्या. एका गुंठ्याचेच तर नुकसान!