कलर मोठा की सिक्वेन्स?

आमच्या ताडकळसात दिवाळीच्या सुट्टीत पत्ते निघाले की तीन पत्तीची उतरंड पोरासोरांनाही पाठ असते. आधी ट्रेल (तीन सारखी पानं), मग प्युअर सिक्वेन्स (एकाच प्रकारची सलग पानं), साधा सिक्वेन्स, कलर (एकाच प्रकारची पानं), जोडी आणि शेवटी नुसतं मोठं पान. एका दिवाळीत पुण्याहून आलेल्या चुलतभावानं पोकर शिकवायला घेतला. पैशांऐवजी चिंचोके. जुगाराविरुद्ध 1887चा कायदा आहे आणि आमच्या घरचा नियम त्याहून कडक.

पोकरचा हात पाच पानांचा. सगळ्यांत वर रॉयल फ्लश : एकाच प्रकारचे एक्का, राजा, राणी, गुलाम आणि दश्शी. त्याखाली स्ट्रेट फ्लश (आपला प्युअर सिक्वेन्स), चार सारखी पानं, फुल हाऊस म्हणजे तीन सारखी आणि एक जोडी. इथवर पटलं. पण पुढे फ्लश, म्हणजे आपला कलर, आणि त्याच्या खाली स्ट्रेट, म्हणजे सिक्वेन्स!

“दादा, कलर सिक्वेन्सच्या वर कसा रं?”

“मोजून बघ की,” तो म्हणाला.

वही घेतली. तेरा इस्पिकांतून तीन पानं 286 प्रकारे उचलता येतात. चारही प्रकारांचे झाले 1,144. तीन पानांचे सिक्वेन्स मात्र 768च. म्हणून तीन पत्तीत सिक्वेन्स मोठा. पाच पानांना हिशेब उलटतो : कलर 5,148, सिक्वेन्स 10,240. पान वाढलं की कलर जुळणं कठीण होतं, सिक्वेन्सला मात्र प्रत्येक पान चारपैकी कुठल्याही प्रकारचं चालतं.

त्या वहीनं मला उतरंड शिकवली. जे दुर्मीळ, ते मोठं. अपवाद तीन पत्तीतच सापडला : ट्रेल 52 प्रकारे लागतो, प्युअर सिक्वेन्स 48 प्रकारे, तरी मान ट्रेलचाच. तिथं रिवाज गणितापेक्षा वरचढ ठरला.

आता नवशिक्या पोरांना मी क्रमाबरोबर आकडेही सांगतो. पाच पानांचे हात एकूण 25,98,960. त्यांतले निम्म्याहून किंचित जास्त असे, की त्यांत साधी जोडीही नसते. रॉयल फ्लश फक्त 4. मोबाइलवर झटपट पैशांची स्वप्नं बघणाऱ्या पोरानं हे दोन आकडे आधी शिकावेत, मग पत्त्यांना हात लावावा.